नारू गेला, जंत राहिले



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते त्या सत्पुरुषांनी हयातभर खेड्यापाड्यांतून वैद्यकी केली, आणि रोगी कोणत्या विहिरीचे पाणी पितो, त्याच्या परसात काय आहे, लेकरे अनवाणी हिंडतात की काय, याची चौकशी केल्यावाचून औषधाची पुडी कधी बांधली नाही, असे त्यांच्या परिचयातील वृद्ध मंडळी आजही सांगतात. त्यांच्या नावे बोलण्याचा मान आपण मला दिलात, तेव्हा विषयही त्यांच्या चौकशीला साजेसा घ्यावा असे मनात आले. मनुष्याच्या शरीरात बिऱ्हाड करून राहणाऱ्या कृमींपैकी नारू हा एक कृमी आपल्या देशातून समूळ गेला. त्याचे भाऊबंद मात्र, म्हणजे जंत, अंकुशकृमी आदी आतड्यांतील कृमी, त्यांच्यावर स्वस्त व गुणकारी औषध हाताशी असूनही, अद्याप राहिले आहेत. हे असे उलटे का घडले, याविषयी माझे मत आरंभीच सांगतो. नारूवर औषध नव्हते, म्हणून आपल्याला पाण्यापर्यंत जाणे भाग पडले. जंतांवर गोळी सापडली, म्हणून मातीपर्यंत जाण्याचे आपण टाळले.

आज ज्यांचे वय चाळिशीच्या आत आहे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी नारूचा रोगी पाहिला असेल, याकरिता तो रोग कसा होता हे प्रथम सांगणे अवश्य आहे. मराठवाड्यातील माझ्या आजोळी, उन्हाळ्याच्या सुटीत, मामांच्या वाड्याच्या ओसरीवर त्यांचा सालगडी पाय पसरून बसलेला मी पाहिला, तो देखावा अजून डोळ्यांपुढून जात नाही. घोट्याच्या वर एक फोड येऊन फुटला होता, भोवतालचा भाग लाल होऊन सुजला होता, आणि त्या जखमेच्या तोंडातून पांढऱ्या सुतासारखे काही तरी बाहेर आले होते. गावातील एका म्हाताऱ्या न्हाव्याने त्याचे टोक लहानशा काडीला गुंडाळले, जखमेवर पाण्याची धार धरली, आणि अतिशय सावकाश, काडीचा जेमतेम एक वेढा देऊन, हात थांबवला. मग काडी चिंधीने पोटरीशी बांधली आणि उरलेले काम उद्यावर टाकले. सालगड्याची आई शेजारी बसून एकसारखी म्हणत होती, ‘‘वढू नगंस रं बाबा, तुटंल त्यो.’’ तिचे भय रास्त होते. नारूची मादी सुमारे हातभर, कधी पुरी एक मीटर लांबीची असते; ती अर्ध्यावर तुटली म्हणजे आत राहिलेला भाग आक्रसून मागे जातो, मांसात दाह सुरू होतो, पू धरतो, आणि कित्येकदा सांधा कायमचा आखडतो. म्हणून दिवसाला दोन-चार बोटे, या हिशेबाने हे काम कित्येक आठवडे चाले. ते आठवडे नेमके मृगाच्या तोंडावरचे असत. नारूने माणूस सहसा मरत नसे. पण ज्या घरातील कर्ता पुरुष पेरणीच्या वेळी आडवा पडे त्या घराचे पुढील वर्ष कसे जाई, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या श्रोत्यांना मी सांगावयास नको. शिवाय एकदा नारू होऊन गेला म्हणून शरीर त्याला पुढे दाद देत नाही असेही नव्हते. तोच मनुष्य वर्षामागून वर्षे त्याच यातनेत सापडे.

रोग पुरातन. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मधील एका इजिप्शियन वैद्यकीय पटावर काडीला गुंडाळून कृमी काढण्याची हीच क्रिया सांगितली आहे असे विद्वान मानतात, आणि आपल्याकडील मध्ययुगीन वैद्यकग्रंथांत तो ‘स्नायुक’ या नावाने आला आहे. परंतु रोगाचे रूप ठाऊक असणे आणि त्याची वाट ठाऊक असणे यांत पुष्कळ अंतर आहे. हा कृमी शरीरात शिरतो कोठून, हे कोणासच कळत नव्हते. हेन्री जॉन कार्टर या मुंबईतील इंग्रज सर्जनाने १८५९ मध्ये मुंबई बेटावरील नारूविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तळ्यांत सापडणारे सूक्ष्म कृमी हीच नारूची पिले असावीत व ती स्नान करणाऱ्याच्या कातडीतून आत शिरत असावीत, असा त्याचा तर्क होता. पाण्यावर त्याने बोट ठेवले हे बरोबर होते. वाट मात्र चुकली होती. ती दाखवली अलेक्सेई फेदचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने. तुर्कस्तानात हिंडत असता १८७० च्या सुमारास त्याने पाहिले की, नारूची पिले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचराच्या देहात शिरतात आणि तेथे वाढतात. पुढे रॉबर्ट लायपर याने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असे सिद्ध केले की, मनुष्याच्या जठरात असते तेवढ्या सौम्य आम्लाने सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या पोटातील नारूचे पिलू मात्र जागे होऊन बाहेर पडते.

या परंपरेतील शेवटचा दुवा आपल्या मुंबईत जोडला गेला आहे, आणि महाराष्ट्रातील सुशिक्षितांना तो ठाऊक नसावा याचे मला मनापासून वाईट वाटते. परळ येथे, जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, प्लेगच्या संशोधनासाठी स्थापन झालेली आणि १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध असलेली जी प्रयोगशाळा आहे, तिचे नाव बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असे असताना, पहिल्या महायुद्धाच्या अगदी उंबरठ्यावर, डॉ. ज्ञानेश्वर आत्माराम तर्खड यांनी बाधित सायक्लॉप्स असलेले पाणी, स्वखुशीने पुढे आलेल्या माणसांना पाजून, त्यांच्या शरीरात नारू होतो हे प्रत्यक्ष दाखवून दिले. आजच्या नीतिनियमांनी अशा प्रयोगाला संमती मिळणार नाही. परंतु त्या दिवसापासून नारूच्या मार्गाविषयी शंकेला जागा उरली नाही.

आता तो मार्ग पाहा, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे. रोग्याच्या पायाला फोड येतो, त्याची आग होते, आणि थंडाव्यासाठी म्हणा की घागर भरण्यासाठी म्हणा, तो पाय पाण्यात बुडवतो. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटून मादी लाखो पिले पाण्यात सोडते. सायक्लॉप्स ती गिळतो. त्याच्या देहात सुमारे दोन आठवड्यांत ती बाधा करण्याच्या अवस्थेला येतात. ते पाणी जो न गाळता पितो त्याच्या जठरात सायक्लॉप्स विरघळतो, पिले आतड्याची भिंत भेदून बाहेर पडतात, शरीराच्या पोकळीत वाढतात. संयोगानंतर नर मरतो, आणि मादी मांसातून वाट काढीत बहुधा पायाकडे उतरते. या सर्वाला सुमारे वर्ष लागते, त्यामुळे रोग पुन्हा त्याच ऋतूत डोके वर काढतो. पाठीवर पखाल वाहणाऱ्या भिस्त्यांना नारू पाठीवरच, जेथे ओले कातडे टेकते तेथे निघे, असे जुन्या डॉक्टरांनी नमूद केले आहे. म्हणजे अंगाचा जो भाग पाण्याच्या संपर्कात येतो तेथेच मादी आपले तोंड काढते.

या मार्गातील एकच जागा अशी आहे की जेथे माणसाचा पाय आणि माणसाचे पिण्याचे पाणी एकत्र येतात, आणि आपल्या देशात त्या जागेचे नाव बारव. दख्खनच्या पठारावर, जेथे उन्हाळ्यात पाण्याची पातळी कोसळते, तेथे पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत पोहोचण्याची सोय करणे ही शतकानुशतके मोठ्या पुण्याची गोष्ट समजली गेली. राजांनी, सरदारांनी, सावकारांनी आणि विधवा स्त्रियांनी बांधलेल्या त्या बारवा आणि पायविहिरी शिल्पाच्या दृष्टीने अप्रतिम आहेत. मराठवाड्यातील काही बारवांपाशी उभे राहून ज्याचे मन भरून आले नाही असा मनुष्य विरळा. परंतु एप्रिल-मे महिन्यांत, पाणी तळाला गेलेले असताना, त्याच शेवटच्या पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहून स्त्रिया कळशी बुडवीत, रानातून आलेले गडी ओंजळीने पाणी पीत, आणि ज्याचा पाय ठणकत आहे तोही तेथेच पाय सोडून बसे. आडाचे तसे नव्हते. आडाला पायऱ्या नसतात. पोहरा दोराने खाली जातो आणि पाय वरच राहतात, म्हणून आडाच्या पाण्यात नारू धरत नसे. एकाच गावात आडाचे पाणी पिणारी आळी निरोगी आणि बारवेचे पाणी पिणारी आळी नारूने त्रस्त, असा भेद दिसणे त्यामुळे स्वाभाविक होते. आणि कोणती आळी कोणत्या पाण्यावर जगते हे आपल्या गावांत जातीने ठरत असे, हेही येथे उघडपणे म्हटले पाहिजे.

उपाय यातूनच निघतो. पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा बांधावा, कप्पी बसवावी; ते होईपर्यंत पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यावे, कारण सायक्लॉप्स नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखा दिसेल इतका मोठा असतो; आणि नारू निघालेल्या माणसाला पाण्यात उतरू देऊ नये. एवढेच. बुखारा शहरात, जेथे उघड्या हौदांचे पाणी पिऊन लोक शतकानुशतके नारूने गांजलेले होते, तेथे लिओनिद इसायेव याने १९२० नंतरच्या दशकात हे हौद शुद्ध करून किंवा बुजवून १९३२ च्या आत रोग नाहीसा केला. आपल्याकडेही मैसूर संस्थानच्या चित्रदुर्ग जिल्ह्यात डॉ. मूर्ती यांनी त्याच्या पुढील दशकात सायक्लॉप्स खाणारे मासे विहिरींत सोडून पाहिले. मग परळच्या प्रयोगशाळेने वाट दाखवल्यानंतर राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू होईपर्यंत सुमारे सत्तर वर्षे का जावी लागली? कारण, मला वाटते, नारू हा ज्यांना होत असे त्यांचा आवाज कोणत्याही कचेरीपर्यंत पोहोचत नव्हता. तो शहरात फारसा होत नसे, साथीसारखा पसरत नसे, आणि मृत्यूच्या रकान्यात त्याची नोंद पडत नसे.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा राजस्थान, मध्यप्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्रप्रदेश आणि तामिळनाडू या ७ राज्यांतील ८९ जिल्ह्यांत, सुमारे १२,८०० गावांत मिळून, वर्षाला सुमारे ४० हजार रोगी नोंदले गेले. आरोग्य खात्याच्या नोकरीत असताना शोधमोहिमेच्या निमित्ताने मीही काही गावे हिंडलो आहे. आमच्या पिशवीत एक चित्र असे: सुजलेला पाय आणि त्यातून लोंबणारा कृमी. ते चित्र बाजाराच्या दिवशी गर्दीत, चावडीवर आणि शाळेत दाखवायचे, आणि असा पाय कोणी पाहिला आहे काय असे विचारायचे. पाटील ‘आमच्या गावात तसले काही नाही’ म्हणून मोकळा होई. शाळेतील पोर मात्र हात वर करून, कोणत्या गल्लीत, कोणाच्या घरी, हे बिनचूक सांगे. मग त्या घरी जायचे, मलमपट्टी करायची, रोग्याने पाण्यात उतरू नये म्हणून घरातील बाईला विनवायचे, विहिरीत सायक्लॉप्सनाशक टेमेफॉस मोजून टाकायचे, आणि विहीर वहीत नोंदवून पुढच्या गावी निघायचे. रोगी मिळेनासे झाल्यावर रोग्याची खबर देणाऱ्यास रोख इनाम लावले गेले, आणि ‘रोगी शून्य’ ही नोंदही महिन्याच्या महिन्याला कळवण्याचा दंडक पडला.

गाळण्याविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी वस्त्राने गाळून प्यावे हा आपल्याकडील जुना आचार आहे, आणि जैन कुटुंबांत तर तो इतक्या निष्ठेने पाळला जातो की, गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे त्याच विहिरीत सोडण्याची रीत आहे. त्या आचाराने पिणाऱ्याचे रक्षण निश्चित होत असे. पण सोयीच्या घरात, माठावर फडके बांधून, गाळणे वेगळे. आणि दुपारच्या उन्हात रानातील पायविहिरीवर उतरलेल्या मजुराने गाळणे वेगळे. ज्याच्या अंगावर धड पंचा नाही त्याला गाळण्यासाठी दुसरे फडके आणा असे सांगताना आमची जीभ अडखळे. म्हणून माझ्या मते नारूचा खरा काळ झाला तो हापसा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात खडक फोडून विंधणविहिरी घेण्याचा सपाटा सुरू झाला, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप दोन-चार महिन्यांत मोडून पडत. जालन्याच्या आणि नंतर सोलापूरच्या मिशनशी संबंधित कारागिरांनी याहून दणकट पंप घडवले. त्या सोलापूर पंपावरूनच युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप तयार झाला, जो पुढे भारतभर आणि आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. जमिनीखालून, झाकलेल्या नळीतून वर येणाऱ्या पाण्यात पाय बुडवण्याची सोयच नाही. ज्या गावात हापसा टिकला आणि दुरुस्त होत राहिला, त्या गावात नारूला यायला वाट उरली नाही. सोलापूर-जालन्याच्या लोहारकामाचा हा उपकार जगाने घेतला आहे.

देशातील शेवटचा नारूरोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ एकही रोगी नाही याची खात्री करून घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. जगातही १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख असलेले रोगी २०२३ मध्ये अवघे १४ राहिले. सुदानमध्ये तर १९९५ साली, जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने, गाळण्या वाटता याव्यात म्हणून यादवी युद्ध जवळजवळ सहा महिने थांबवण्यात आले. चाडमध्ये आता कुत्र्यांतही नारू सापडतो, त्यामुळे शेवटचा टप्पा लांबला आहे. तरीही लस नसताना आणि औषध नसताना एक मानवी रोग पृथ्वीवरून नाहीसा होण्याच्या काठावर आला आहे.

आता राहिलेल्यांकडे वळतो. जगातील सुमारे दीडशे कोटी माणसांच्या आतड्यांत मातीतून येणारे कृमी आहेत असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते आणि ती सावलीतल्या ओल्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. अंकुशकृमीचे पिलू अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, रक्तावाटे फुप्फुसात व तेथून घशावाटे आतड्यात पोहोचते, आणि आतड्याच्या भिंतीला दात लावून रक्त पिते. आपल्या स्त्रियांमधील आणि मुलांमधील पंडुरोगाला हातभार लावणारा तो एक मोठा चोर आहे. यावर अल्बेंडाझोल ही गोळी आहे, आणि २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला आणि १० ऑगस्टला, अंगणवाड्यांतून व शाळांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना ती फुकट दिली जाते. हे काम चांगले आहे. त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ज्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका उन्हातान्हात ते पार पाडतात त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

परंतु गोळी आतड्यातील कृमी मारते. परसातील माती तशीच राहते. गोळी घेतलेले मूल त्याच मातीत खेळते, आणि काही महिन्यांत पुन्हा बाधित होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमीविरुद्ध जी मोठी मोहीम झाली, तिच्या चालकांनी थायमॉल या औषधाबरोबर शौचकूपांचाही आग्रह धरला, तो याचसाठी. आपल्याकडे तर हा विचार परका नाही. गाडगेबाबांनी कीर्तनाआधी गाव झाडला. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळ गोपुरी येथे मैल्याचे खत करणारा संडास बांधून तो स्वतः साफ केला. त्यांना जे कळले होते ते आपल्या नियोजनात पूर्णपणे उतरलेले नाही. नारूच्या वेळी प्रत्येक बाधित गावाची प्रत्येक विहीर वहीत नोंदली गेली होती, आणि तिच्या पायऱ्या बंद झाल्या की नाही हे कोणी तरी पुन्हा जाऊन पाहत होते. आज किती गोळ्या वाटल्या याची नोंद दिल्लीपर्यंत जाते. शाळेतील शौचकूपाला पाणी आहे की नाही, खड्डा उपसला म्हणजे मैला कोठे जातो, आणि सांडपाण्यावर पिकलेली भाजी धुण्यापुरते तरी स्वच्छ पाणी घरात आहे काय, यांची नोंद त्या निगुतीने होत नाही. लोक अडाणी आहेत म्हणून जंत होतात, हे म्हणणे मी या व्यासपीठावरून खोटे म्हणतो. ज्या खेडुतांनी आपल्या पूर्वजांच्या पुण्याईची बारव पिण्यासाठी सोडून दिली, ते अडाणी नव्हते. त्यांना पर्याय मिळाला तेव्हा त्यांनी तो घेतला.

बारवांच्या जीर्णोद्धाराचा जो स्तुत्य उद्योग आज महाराष्ट्रातील तरुणांनी हाती घेतला आहे त्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. तेथील गाळ उपसावा, पायऱ्या जोडाव्या, दिवे लावावे, पण पिण्याचे पाणी नळातून किंवा हापशातूनच घ्यावे, एवढेच त्यांना सांगणे. आणि आपणा सर्वांना एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण आपापल्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर, ग्रामपंचायतीवर किंवा पालक म्हणून शाळेशी संबंधित आहात. येत्या १० फेब्रुवारीला मुलांना जंतनाशक गोळी दिली जाईल तेव्हा त्या दिवशी शाळेत जा, शौचकूपाचे दार उघडून पाहा, नळ सोडून पाहा, हात धुण्याच्या जागी साबण आहे की नाही पाहा, आणि जे नसेल ते समितीच्या वहीत तारखेसह लिहून मुख्याध्यापकांची सही घ्या.